टाकीत किती भरायचे? – इंधनाचे वजन आणि शर्यतीचे गणित

होटगीरोडकर (धागाकर्ता)

नमस्कार. परवाच्या रविवारी माझा भाचा आमच्या घरी फॉर्म्युला वनची शर्यत पाहायला बसला होता. गाड्या टायर बदलायला आत येत होत्या आणि दोन-अडीच सेकंदांत बाहेर पडत होत्या. त्याने सहज विचारले, "मामा, टायर बदलतात, मग पेट्रोल का भरत नाहीत?" मी म्हणालो, "२०१० पासून त्यावर बंदी आहे." उत्तर बरोबर होते, पण ते अपुरे होते हे मला रात्रभर जाणवत राहिले. ही बंदी आल्यामुळे शर्यतीच्या डावपेचांची दिशाच उलटी झाली, आणि ती कशी उलटली हे समजल्याशिवाय आजची शर्यत खऱ्या अर्थाने पाहता येत नाही. म्हणून हा धागा काढत आहे. सोलापुरात या खेळाचे चाहते विखुरलेले आहेत, तरी ते आहेत हे मला ठाऊक आहे. ज्यांना अधिक माहिती असेल त्यांनी अवश्य भर घालावी.

सुरुवात आकड्यांपासून करतो. फॉर्म्युला वनमध्ये गाडीचे किमान वजन ठरलेले असते आणि त्यात चालक धरलेला असतो, इंधन मात्र धरलेले नसते. २०१० साली ही मर्यादा ६२० किलो होती. २०१४ साली हायब्रिड इंजिने आली तेव्हा ती ६९१ झाली, २०२२ साली ७९८ आणि २०२५ साली ८००. २०२६ च्या नियमांत ती मोठ्या फरकाने खाली, ७६८ किलोवर आणली गेली. इंधनाची मर्यादा वेगळी असते. २०१४ साली पूर्ण शर्यतीसाठी १०० किलो मिळत होते, २०१७ साली १०५ आणि २०१९ पासून पुढची काही वर्षे ११०. आपण पंपावर लिटरने पेट्रोल घेतो, तिथे हिशेब किलोचा चालतो, कारण तापमान वाढले की तेवढेच पेट्रोल जास्त जागा व्यापते. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीसवर जातो तेव्हाचा एक लिटर आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीतला एक लिटर वजनाला सारखे नसतात. ढोबळमानाने ११० किलो म्हणजे दीडशे लिटरच्या आसपास इंधन होते.

आता मुख्य मुद्दा. संघांचे अभियंते गेली अनेक वर्षे एक ठोकताळा वापरत आले आहेत. दहा किलो वजन वाढले की साधारण पाच किलोमीटरच्या फेरीला सुमारे ०.३ सेकंद जास्त लागतात. ट्रॅकनुसार हा आकडा थोडा खालीवर होतो, पण हिशेबाला तो पुरेसा आहे. ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट घेऊ, कारण २०११ ते २०१३ ही तीन वर्षे तिथे शर्यत झाली आणि आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. फेरी ५.१२५ किलोमीटरची, फेऱ्या ६०. समजा सगळे मिळून १०५ किलो इंधन लागते, म्हणजे फेरीला पावणेदोन किलो. सगळे इंधन घेऊनच निघालो, तर पहिल्या फेरीत केवळ इंधनाच्या ओझ्यापायी सुमारे ३.१ सेकंद जातात आणि शेवटच्या फेरीत जवळजवळ काहीच जात नाही. सरासरी ओझे साडेबावन्न किलोचे धरले, तर ६० फेऱ्यांत मिळून साडेचौऱ्याण्णव सेकंद निव्वळ इंधन वाहून नेण्यात खर्च होतात.

मध्येच एकदा थांबून भरण्याची मुभा असती तर अर्धेच इंधन घेऊन निघता आले असते. सरासरी ओझे निम्मे झाले असते आणि सत्तेचाळीस सेकंद वाचले असते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्याच्या जागेत, शिरून, भरून बाहेर पडेपर्यंत साधारण पंचवीस सेकंद जातात असे धरले, तरी वीस-बावीस सेकंदांचा नफा उरतो. दोनदा थांबलो तर इंधनाच्या ओझ्यातून आणखी पावणेसोळा सेकंद वाचतात, पण दुसऱ्या थांब्याचे पंचवीस सेकंद पदरचे जातात. म्हणजे निव्वळ इंधनाच्या हिशेबाने एक थांबा परवडतो आणि दुसरा परवडत नाही. ताज्या टायरमुळे जो वेग मिळतो तो या पारड्यात टाकला की मग दुसरा, क्वचित तिसरा थांबाही परवडू लागतो. १९९४ ते २००९ या काळातले डावपेच या एका गणिताभोवती फिरत होते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. इंधन भरण्याच्या काळात दोन गाड्या मागेपुढे चालल्या असतील, तर जो उशिरा थांबेल त्याचा फायदा व्हायचा. पुढचा चालक विसाव्या फेरीला थांबून साठ किलो इंधन घेऊन बाहेर पडला, की त्याची गाडी त्या क्षणापासून फेरीला पावणेदोन सेकंदांहून अधिक मंद होत असे. मागचा मात्र रिकामी होत आलेली टाकी घेऊन आणखी दोन-तीन फेऱ्या सुसाट मारायचा, मग थांबायचा आणि पुढे निघून यायचा. शिवाय त्याला तेवढ्या फेऱ्यांचे इंधन कमी भरावे लागत असल्याने त्याचा थांबाही किंचित छोटा व्हायचा. आज इंधन भरायचेच नाही, त्यामुळे पिटमधून बाहेर पडणारी गाडी वजनाने आत गेली तेवढीच असते, फक्त तिचे टायर ताजे असतात. म्हणून आज जो आधी थांबतो तो फायद्यात राहतो. ज्याला आपण अंडरकट म्हणतो तो हाच. ट्रॅक तेच, चालकही बरेचसे तेच आणि नियमातले एक कलम बदलताच 'उशिरा थांबा' हा शहाणपणा 'आधी थांबा' असा झाला.

वजनकाटा

होटगीरोडकर साहेब, धागा मनापासून आवडला. मी शर्यती पाहतो त्या मुलामुळे, पण वजनाचा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. आमच्या दोन ट्रक आहेत आणि मार्केट यार्डातून कांदा भरून हैदराबाद, बेंगळुरूकडे जाणे हे आमचे वर्षानुवर्षांचे काम आहे.

आपण लिहिलेले 'वजनात इंधन धरलेले नसते' हे वाक्य वाचून मी थबकलो, कारण आमच्या धंद्यातली अर्धी भांडणे याच वाक्यावरून होतात. ट्रक आधी रिकामी काट्यावर चढते, मग माल भरून चढते, आणि पावतीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ वजन असे तीन आकडे छापून येतात. रिकामी गाडी काट्यावर घेताना टाकी तळाला गेलेली असेल आणि भरलेली गाडी चढवताना दोनशे लिटर डिझेल घातलेले असेल, तर जवळजवळ एकशे पासष्ट किलो डिझेल मालाच्या खात्यावर जाते. तीन पोत्यांचा फरक झाला. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडे आमच्या बाबतीत याच्या उलट घडले. रिकाम्या वजनाच्या वेळी टाकी काठोकाठ होती, भरलेल्या वजनाच्या वेळी अर्धी झाली होती, आणि कमी पडलेल्या वजनाचे पैसे माझ्या भाड्यातून कापले गेले. तेव्हापासून मी दोन्ही वेळा टाकीच्या काट्याचा फोटो काढून ठेवतो.

वजन आणि ॲव्हरेज यांचे नाते मात्र आमच्या चालकांना न शिकवता कळते. रिकामी गाडी पुण्याहून परत येते तेव्हा चालक उतारावर पाय उचलतो आणि गाडी आपोआप पुढे जात राहते. भरलेली गाडी उतारावर अधिक लांब पळते, पण तिला थांबवायला आणि पुन्हा उचलायला जे डिझेल जाते ते सगळा नफा खाऊन टाकते. म्हणून जुना, मुरलेला चालक ब्रेक कमी मारतो. टोलनाका दिसला की तो अर्धा किलोमीटर आधीच पाय काढतो. शर्यतीतले चालक असे काही करतात का, हे जाणून घ्यायला आवडेल.

विजापूर_वेस

वजनकाटा यांच्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे, आणि त्याचे तपशील इथले तरुण सभासद अधिक चांगले देतील. मी थोडा इतिहास सांगतो, कारण हा विषय २०१० मध्ये सुरू झालेला नाही.

इंधनाच्या वजनावर रचलेल्या डावाचे सर्वांत देखणे उदाहरण माझ्या मते १९५७ सालच्या जर्मन ग्रांप्रीचे आहे. नुर्बर्गरिंगची ती जुनी फेरी बावीस किलोमीटरहून लांब होती आणि अशा बावीस फेऱ्या मारायच्या होत्या. फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स टाकी पूर्ण भरून, न थांबता पळणार होते. मासेरातीच्या फांजिओने अर्धी टाकी आणि मऊ टायर घेऊन निघायचे ठरवले. हलक्या गाडीने त्याने सुमारे अर्ध्या मिनिटाची आघाडी मिळवली आणि मध्यावर तो थांबला, पण तो थांबा लांबला. बाहेर आला तेव्हा तो पाऊण मिनिटाहून अधिक मागे होता. त्यानंतर त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडत दोघांनाही गाठले आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. लोक या विजयाचे सारे श्रेय त्याच्या धाडसाला देतात आणि ते रास्तच आहे, परंतु त्या धाडसाला वाव मिळाला तो अर्ध्या टाकीच्या निर्णयामुळे.

पुढे १९८२ साली ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरे यांनी हीच कल्पना ठरवून, पद्धतशीरपणे परत आणली. १९८४ पासून इंधन भरण्यावर बंदी आली आणि टाकीला २२० लिटरची मर्यादा घातली गेली. टर्बो इंजिने तेव्हा इतके इंधन पीत होती की शर्यतीचा निकाल अनेकदा शेवटच्या फेऱ्यांत कोणाची टाकी कोरडी पडते यावर ठरे. १९८५ साली इमोलाला आघाडीवरच्या सेन्नाचे इंधन संपले, मग आघाडी घेतलेल्या योहान्सनचेही संपले. प्रोस्टने पहिला क्रमांक मिळवला, तर त्याची गाडी काट्यावर दोन किलो कमी भरली आणि तो बाद झाला. अखेर विजेता ठरला एलिओ दे आंजेलिस. एकाच शर्यतीत टाकी आणि काटा या दोघांनी मिळून पहिल्या क्रमांकाचा निवाडा केला, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

वजनकाटा यांनी डिझेलचा जो प्रकार सांगितला, त्याचा सख्खा भाऊही तेव्हा शर्यतीत होता. १९८२ साली काही संघांनी 'ब्रेक थंड करण्यासाठी' म्हणून गाडीत पाण्याच्या टाक्या बसवल्या. शर्यत सुरू होताच पाणी सोडून द्यायचे, हलकी गाडी पळवायची आणि शेवटी वजन होण्याआधी 'द्रव पदार्थ पुन्हा भरता येतात' या नियमाचा आधार घेऊन टाक्या भरायच्या. ब्राझीलमध्ये पहिला आलेला पिके आणि दुसरा आलेला रोझबर्ग यावरूनच बाद झाले.

मला स्वतःला १९९४ नंतरचा काळ जास्त प्रिय आहे. १९९८ ची हंगेरीची शर्यत आम्ही चौघांनी एका मित्राच्या घरी पाहिली होती. फेरारीचा शूमाखर पुढच्या गाड्यांमागे अडकला होता. संघाचे डावपेच ठरवणाऱ्या रॉस ब्रॉन यांनी दोनऐवजी तीन थांब्यांचा निर्णय घेतला आणि त्याला सांगितले की एकोणीस फेऱ्यांत पंचवीस सेकंदांची आघाडी मिळव. टाकीत थोडेच इंधन, म्हणजे हलकी गाडी, म्हणजे प्रत्येक फेरी पात्रता फेरीसारखी (सुरुवातीचा क्रम ठरवण्यासाठी आदल्या दिवशी मारतात तशी) पूर्ण वेगाची. त्याने ती आघाडी मिळवून दाखवली. २००४ साली मॅनी-कूरला तर चार थांबे घेऊन त्याच संघाने आलोन्सोला हरवले. होटगीरोडकरांच्या गणिताप्रमाणे चौथा थांबा कधीच परवडायला नको, पण तिथली पिटची वाट छोटी होती आणि थांब्याचा दंड कमी होता. वरच्या हिशेबात पंचवीसच्या जागी लहान आकडा ठेवून पाहा, चित्र लगेच बदलते. बंदी येण्यामागे खर्च आणि सुरक्षितता ही कारणे होती आणि १९९४ मध्ये हॉकेनहाइमला वेर्स्टापेनच्या वडिलांच्या गाडीला लागलेली आग ज्याने पाहिली आहे त्याला सुरक्षिततेविषयी वाद घालता येणार नाही. तरीही डावपेचांची ती खुली लढत संपली याची मला खंत वाटते.

शेवटचे_वळण

विजापूर_वेस काका, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी-संघाने स्पर्धेसाठी बनवलेल्या छोट्या रेसिंग गाडीवर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

आधी वजनकाटा काकांच्या प्रश्नाचे उत्तर. टोलनाक्याआधी पाय काढणे हे तंत्र शर्यतीत जसेच्या तसे आहे आणि त्याला 'लिफ्ट अँड कोस्ट' म्हणतात. सरळ रस्त्याच्या शेवटी चालक ब्रेकच्या खुणेच्या थोडे आधी ॲक्सिलरेटर सोडतो, गाडी क्षणभर घरंगळते आणि मग तो ब्रेक लावतो. इंजिन सर्वाधिक इंधन पिते ते सरळ रस्त्याच्या शेवटच्या टप्प्यात, आणि तिथे ते सोडले तर वेळ फार कमी जातो. म्हणून इंधन वाचवण्याची ती सर्वांत स्वस्त जागा आहे. ब्रेक आणि टायरही त्यामुळे थंड राहतात.

याच कारणाने संघ मुभा असलेले सगळे इंधन भरतच नाहीत. चार किलो कमी भरून निघायचे आणि ते चार किलो वाटेत वाचवायचे, असे ठरवले जाते. अमेरिकेतल्या इंडीकारमध्ये आजही शर्यतीत इंधन भरतात, तरी तिथेही हेच कौशल्य निर्णायक ठरते. २०१६ च्या शंभराव्या इंडी ५०० मध्ये नवख्या अलेक्झांडर रॉसीने शेवटची टाकी ३६ फेऱ्या पुरवली. बाकीचे इंधनासाठी आत गेले आणि तो जवळजवळ रिकाम्या गाडीने पहिला आला.

आता टाकीविषयी. फॉर्म्युला वनमध्ये टाकी चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यावर असते, जेणेकरून शंभर किलो वजन कमी झाले तरी पुढच्या आणि मागच्या चाकांवरच्या भाराचे प्रमाण फारसे बिघडू नये. हे पुस्तकात वाचले होते, पण त्याचा अर्थ आमच्याच गाडीने शिकवला. आमची टाकी जेमतेम सहा लिटरची होती आणि जागा मिळेना म्हणून आम्ही ती मागे, एका कडेला बसवली. सरावाच्या मैदानावर पहिल्या दहा फेऱ्या उत्तम गेल्या. टाकी निम्म्याच्या खाली गेली आणि डावीकडच्या लांब वळणावर इंजिन आचके देऊ लागले. सरळ रस्त्यावर येताच ते पुन्हा सुरळीत होई. आम्ही दोन तास स्पार्क प्लग आणि वायरिंग तपासत बसलो. शेवटी एका मित्राने अर्धी भरलेली पाण्याची बाटली हातात आडवी धरून वळवून दाखवली. सगळे पाणी एका भिंतीला चिकटून उभे राहिले आणि दुसरी बाजू कोरडी पडली. वळणावर आमच्या टाकीतही पेट्रोल बाहेरच्या भिंतीला जात होते आणि पंपाचे तोंड हवा ओढत होते. आम्ही आत छिद्रे पाडलेले दोन ॲल्युमिनियमचे आडवे पत्रे वेल्ड केले आणि पंपाच्या तोंडाभोवती छोटा कप्पा केला. त्या दिवसानंतर टाकी तळाला जाईपर्यंत एकही आचका आला नाही. मोठ्या गाड्यांच्या टाकीतही असेच आडोसे आणि कप्पे असतात.

होटगीरोडकर दादांच्या लेखाला एक जोड द्यावीशी वाटते. इंधनाचे वजन जळून जाते, गाडीचे वजन जळत नाही. चार किलो इंधन कमी भरले आणि ते सगळ्या फेऱ्यांत समान वाचवले, तर सुरुवातीचा चार किलोंचा फरक शेवटी शून्य होतो. सरासरी फायदा दोन किलोंचाच, म्हणजे ६० फेऱ्यांत साडेतीन सेकंदांचा. गाडी मात्र किमान मर्यादेपेक्षा चार किलो जड असेल तर तो दंड पहिल्या फेरीपासून शेवटच्यापर्यंत पूर्ण भरावा लागतो, म्हणजे सात सेकंदांहून अधिक. म्हणूनच २०२२ साली नव्या गाड्या जड निघाल्या तेव्हा संघांनी चक्क रंग खरवडून काढला आणि काळे कार्बन उघडे ठेवले. मर्यादाही हंगामाआधी ७९५ वरून ७९८ वर न्यावी लागली.

पार्क_चौक

दोन शंका आहेत. अपघात झाल्यावर सर्वांच्या पुढे चालणारी सेफ्टी कार बाहेर आली की सगळे हळू चालतात आणि इंधन वाचते, मग त्या भरवशावर संघ अगदी कमी इंधन का भरत नाहीत? आणि आठशे किलोंच्या गाडीत एक-दीड किलो कमी भरले म्हणून पहिला क्रमांक काढून घेणे मला अन्यायाचे वाटते. एवढी कठोर शिक्षा कशासाठी?

होटगीरोडकर

पार्क_चौक, पहिल्या शंकेचे उत्तर असे की संघ हा जुगार खेळतात, पण बेताने. मोनॅकोसारख्या अरुंद ट्रॅकवर अपघाताची आणि म्हणून सेफ्टी कारची शक्यता मोठी असते, तिथे कमी भरण्याचे धाडस करता येते. सेफ्टी कार आलीच नाही तर चालकाला शेवटच्या वीस फेऱ्या पाय उचलत काढाव्या लागतात आणि मागचा चालक ते लगेच ओळखतो. शिवाय शेवटचा थेंब वापरता येत नाही, कारण शर्यतीनंतर तपासणीसाठी एक लिटर इंधन टाकीतून निघालेच पाहिजे. २०२१ साली हंगेरीत फेटेल दुसरा आला, पण त्याच्या गाडीतून फक्त ०.३ लिटर नमुना काढता आला आणि तो बाद ठरला. २०१२ साली बार्सिलोनात हॅमिल्टनने पात्रता फेरीत पहिला क्रमांक मिळवला, परंतु टाकीत इंधन कमी घातले गेल्यामुळे गाडी ट्रॅकवरच थांबवावी लागली आणि त्याला सर्वांत शेवटून सुरुवात करावी लागली.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. २०२४ साली बेल्जियममध्ये रसेलने इतरांपेक्षा वेगळा डाव खेळला. चव्वेचाळीस फेऱ्यांच्या शर्यतीत दहाव्या फेरीला एकदाच थांबून तो तेच टायर शेवटपर्यंत चालवत राहिला आणि पहिला आला. इंधन काढून घेतल्यावर गाडी ७९६.५ किलो भरली, म्हणजे दीड किलो कमी, आणि विजय हॅमिल्टनकडे गेला. टायरचे रबर चौतीस फेऱ्यांत झिजले तेव्हा ते वजनही गाडीतून गेले, हे यामागचे एक कारण मानले गेले. इतर ट्रॅकवर शर्यत संपल्यावर चालक सावकाश एक फेरी मारतात आणि वाटेत पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून घेतात. बेल्जियमच्या स्पा ट्रॅकची फेरी सात किलोमीटरची आहे, तिथे ती पूर्ण फेरी होत नाही. २०२५ साली चीनमध्ये लक्लेर एक किलोने कमी भरला आणि गॅस्लीही कमी वजनामुळेच बाद झाला.

शिक्षा कठोर असण्याचे कारण वरच्या ठोकताळ्यातच आहे. दीड किलो म्हणजे फेरीला साधारण ०.०४५ सेकंद, चव्वेचाळीस फेऱ्यांत दोन सेकंद. रसेल आणि हॅमिल्टन यांच्यात शेवटच्या रेषेवर त्याहून कमी अंतर होते. रसेलबद्दल मला मनापासून वाईट वाटले, कारण डाव त्याच्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता आणि त्याने तो अप्रतिम खेळला. पण काट्यावर 'थोडेसे चालेल' म्हटले की पुढच्या शर्यतीला प्रत्येक संघ ते थोडेसे धरूनच गाडी बांधेल.

वजनकाटा

टायर झिजून वजन कमी होते हे वाचले आणि मला कांद्याची घट आठवली. सोलापुरात काट्यावर भरलेला माल बेंगळुरूच्या काट्यावर कधीच तेवढा भरत नाही. वाटेत ओलावा उडतो, सालपट गळते. उन्हाळ्यात घट जास्त, पावसाळ्यात कमी. मुरलेला आडतदार हंगाम पाहून घट आधीच धरतो आणि भाव ठरवतो. रसेलच्या संघाने दोन थांब्यांची घट धरली असावी आणि गाडी एका थांब्यावर चालली, असे मला यावरून वाटते. डाव शर्यतीत बदलला, काट्याचा हिशेब मात्र सकाळचाच राहिला.

एक विचारायचे आहे. आमच्याकडे काट्यावर चालक केबिनमध्ये बसलेला आहे की उतरला आहे यावरून वाद होतो. तिथे चालकाचे वजन कसे धरतात?

शेवटचे_वळण

काका, घटीचा आपला तर्क मला पटतो. संघ किमान वजनाच्या वर थोडी राखीव ठेवतातच आणि ती ठेवताना किती फेऱ्या कोणत्या टायरवर होतील हे गृहीत धरावेच लागते.

चालकाबद्दल सांगायचे तर, शर्यत संपल्यावर चालक हेल्मेटसह स्वतः काट्यावर चढतात, ते आपण दूरचित्रवाणीवर पाहिले असेल. २०१९ पूर्वी चालक आणि गाडी यांचे वजन फक्त एकत्र धरले जाई, चालकासाठी वेगळे किमान नव्हते. त्यामुळे उंच, धिप्पाड चालकाचा तोटा व्हायचा आणि काही जण उपाशी राहून वजन उतरवायचे. २०१९ पासून चालक आणि त्याची सीट मिळून किमान ८० किलो धरले जाऊ लागले, २०२५ पासून ८२. चालक हलका असेल तर उरलेले वजन त्याच्या सीटजवळच बसवावे लागते, म्हणजे तो फरक गाडीत दुसरीकडे सोयीच्या जागी वापरता येत नाही. संघांना इतरत्र वजन घालायचे असेल तर ते टंगस्टन वापरतात. शिशापेक्षा ते बरेच घन असल्याने छोटा ठोकळा पुरतो आणि तो गाडीच्या अगदी तळाशी बसवता येतो.

होटगीरोडकर दादा, आपल्या भाच्याला एक गोष्ट करायला सांगा. एका चालकाच्या लागोपाठच्या फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहायच्या. फेरीला पावणेदोन किलो इंधन जळते, म्हणजे दर फेरीला गाडी ०.०५ सेकंदांनी वेगवान व्हायला हवी. वेळा स्थिर दिसल्या तर टायर तेवढ्याच वेगाने मंदावत आहेत असे समजायचे. शुक्रवारच्या सरावाच्या वेळांना मात्र हा हिशेब लावू नये, कारण तिथे कोणाच्या टाकीत किती आहे हे बाहेर कोणालाच कळत नाही.

होटगीरोडकर

आज आठ दिवसांनी परत आलो. भाच्याने वही केली. त्याने तिसऱ्या क्रमांकावरचा एक चालक निवडला आणि थांब्यानंतरच्या बावीस फेऱ्या लिहून काढल्या. पहिल्या चौदा फेऱ्यांत वेळ एका दशांशाच्या आतबाहेर राहिली, म्हणजे इंधन जितके देत होते तितके टायर घेत होते. पंधराव्या फेरीपासून दर फेरीला दोन दशांश जाऊ लागले. त्याने पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, "मामा, टायर गेले, आता आत बोलावतील." आणखी तीन फेऱ्या गेल्या तरी बोलावले नाही, कारण पिटमधून बाहेर पडल्यावर शिरायला मागच्या गाड्यांमध्ये मोकळी जागाच नव्हती. ती जागा कशी शोधतात, हे त्याने वहीच्या पुढच्या पानावर प्रश्न म्हणून लिहून ठेवले आहे. शेवटचे_वळण, सवडीने सांगाल का?